पेनड्राइव्हचा वेग आणि ‘पर्यंत’ हा शब्द



पेनड्राइव्हचे वेष्टन आपण कधी काळजीपूर्वक वाचले आहे काय? त्यावर दोन आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. एक असतो त्यात किती मजकूर मावेल याचा, आणि दुसरा असतो वेगाचा. या दुसऱ्या आकड्याला एक लहानसा शब्द चिकटलेला असतो. इंग्रजीत तो ‘अप टू’, आपल्या भाषेत ‘पर्यंत’. सेकंदाला शंभर मेगाबाइटपर्यंत! व्याकरणात आपण ज्याला शब्दयोगी अव्यय म्हणतो, तो हा चिमुकला शब्द विक्रेत्याला त्याच्या वचनातून अलगद मोकळा करतो. शंभरपर्यंत म्हणजे शंभर असेल, चाळीस असेल, किंवा चारही असेल. वेष्टनावरचे विधान खोटे ठरत नाही. हा ‘पर्यंत’ कोठून आला, त्याला बांध घालण्याचे कोणते प्रयत्न झाले, आणि एका पेनड्राइव्हची दुसऱ्याशी तुलना करताना ग्राहकाने नेमके काय मोजावे, याचा इतिहास आज पाहावयाचा आहे.

या इतिहासाचा आरंभ १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. दावोन कांग आणि सायमन झे या दोन शास्त्रज्ञांनी त्या वर्षी अशी रचना मांडली की, विद्युत्कणांना चारही बाजूंनी निरोधक थराने वेढलेल्या एका बेटावर कोंडून ठेवता येईल, आणि वीज बंद झाली तरी ते तेथून हलणार नाहीत. कण आहेत की नाहीत, यावरून एक किंवा शून्य ओळखावयाचे. १९७१ साली इंटेल कंपनीत डोव्ह फ्रोमन यांनी याच तत्त्वावर नवी स्मृती तयार केली. परंतु तिच्यातील मजकूर पुसावयाचा तर तिच्यावरील स्फटिकाच्या खिडकीतून अतिनील किरणांचा मारा करावा लागे, आणि त्याला काही मिनिटे, पुष्कळदा वीस मिनिटेही लागत. नंतर जपानमध्ये तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी एका मोठ्या पट्ट्यातील सगळा मजकूर विजेच्याच साहाय्याने एकदम पुसण्याची युक्ती काढली. १९८४ साली त्यांनी ती विद्वानांपुढे मांडली. छायाचित्रकाराच्या दिव्याप्रमाणे क्षणात सारे उजळावे, तसे येथे क्षणात सारे पुसले जाते, म्हणून त्यांचे सहकारी शोजी अरिइझुमी यांनी तिला ‘फ्लॅश’ हे नाव सुचविले. १९८७ साली मासुओका यांच्या गटाने ‘नँड’ नावाची अधिक दाट मांडणी जाहीर केली. आजच्या पेनड्राइव्हमध्ये असते ती हीच.

नावच मुळी झपाट्याचे. मग वेगाची तक्रार का असावी? त्याचे उत्तर या स्मृतीच्या स्वभावात आहे. आपल्याकडे जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. फळीवर बारीक धूळ पसरून मुले तीवर अक्षरे गिरवीत. अक्षर एकामागून एक काढता येई. पण पुसावयाचे म्हटले की, फळी हलवून सारी धूळ सपाट करावी लागे. फ्लॅश स्मृती अशीच आहे. तिच्यात मजकूर पानापानाने लिहिला जातो, पण पुसला जातो तो अनेक पानांच्या गठ्ठ्याने. आरंभीच्या नँड स्मृतीत एक पान ५१२ बाइटांचे असे आणि अशी ३२ पाने मिळून एक गठ्ठा होई. लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही. म्हणून एका पानातील चार अक्षरे बदलावयाची, तर नवे पान दुसरीकडे लिहावे लागते, आणि मोकळ्या गठ्ठ्यांची टंचाई झाली की, जुन्यातील उपयोगी पाने हलवून तो गठ्ठा पुसावा लागतो. ही सारी धावपळ पेनड्राइव्हमधील एक छोटा नियंत्रक गुपचूप करीत असतो. वाचणे त्याला सोपे, लिहिणे कठीण, आणि इकडेतिकडे विखुरलेले बारीकसारीक लिहिणे सर्वांत कठीण. एका पेनड्राइव्हला एकच वेग नसतो, निदान चार असतात, ही गोष्ट येथेच पक्की ध्यानात ठेवावयास हवी. मोठी फाइल वाचण्याचा एक, ती लिहिण्याचा दुसरा, लहान तुकडे वाचण्याचा तिसरा आणि लहान तुकडे लिहिण्याचा चौथा. वेष्टनावर बहुधा पहिलाच छापतात, कारण तोच सर्वांत मोठा असतो.

आता ज्या मार्गाने ही स्मृती संगणकाला जोडली जाते, त्या यूएसबीकडे वळू. पूर्वी कळफलकाला एक खाच, छपाईयंत्राला दुसरी, मोडेमला तिसरी, असा संगणकाच्या पाठीमागे नाना खाचांचा बाजार असे. त्या सर्वांच्या जागी एकच खाच असावी, यासाठी १९९४ साली सात कंपन्या एकत्र आल्या. या कामात इंटेलमधील अजय भट्ट यांचा वाटा मोठा होता. बडोद्याच्या वाचकांना व श्रोत्यांना सांगावयास आनंद वाटतो की, त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण त्यांच्याच गावच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. २०१३ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने त्यांचा व त्यांच्या सहकाऱ्यांचा युरोपीय संशोधक पुरस्कार देऊन गौरव केला. यूएसबीची पहिली आवृत्ती १९९६ च्या जानेवारीत निघाली. तिची कमाल गती सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे आठ बिटांचा एक बाइट या हिशेबाने दीड मेगाबाइट होती. बिट आणि बाइट यांतील हा आठपटीचा भेद आजही अनेक ग्राहकांना चकवितो.

फ्लॅश स्मृती आणि यूएसबी यांचा विवाह २००० साली झाला. त्याच्या पितृत्वाविषयी वाद आहे. इस्रायलच्या एम-सिस्टिम्स कंपनीने अमेरिकेत एप्रिल १९९९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला होता. सिंगापूरच्या ट्रेक कंपनीने २००० च्या आरंभी ‘थंबड्राइव्ह’ बाजारात आणला. चीनच्या नेटॅक कंपनीनेही आपला हक्क सांगितला. अमेरिकेत आयबीएमने एम-सिस्टिम्सचा ८ मेगाबाइटांचा पेनड्राइव्ह २००० च्या डिसेंबरात विक्रीस ठेवला. आज आठ मेगाबाइट ऐकून हसू येईल. परंतु त्याचा पहिला प्रतिस्पर्धी कोण होता, ते पाहा. तो होता साडेतीन इंची फ्लॉपी. तिच्यात १.४४ मेगाबाइट मावत, आणि तिची मूळ गती सेकंदाला ५०० किलोबिट, म्हणजे अवघी साठ-बासष्ट किलोबाइट होती. या स्पर्धेत मोजमापाची गरजच पडली नाही. मावणे पाचपटीहून अधिक, वेग डोळ्यांना दिसण्याइतका जास्त, आणि धुळीने किंवा चुंबकाने बिघडण्याची भीती नाही. फ्लॉपी हरली, हे सांगावयास घड्याळ लागले नाही. सोनी कंपनीने जपानमधील फ्लॉपीची विक्री २०११ साली थांबविली.

घड्याळ लागू लागले ते पेनड्राइव्हचा प्रतिस्पर्धी दुसरा पेनड्राइव्हच झाला तेव्हा. आणि नेमक्या त्याच वेळी शब्दांनी घोटाळा केला. २००० च्या एप्रिलमध्ये यूएसबीची दुसरी आवृत्ती आली. तिने सेकंदाला ४८० मेगाबिटांचा ‘हाय स्पीड’ दिला. पण जुना १२ मेगाबिटांचा वेगही त्याच आवृत्तीत सामावून घेतला, आणि त्याचे जुने नाव ‘फुल स्पीड’ तसेच राहिले. परिणाम असा झाला की, एखाद्या वस्तूवर ‘यूएसबी २.०, फुल स्पीड’ असे छापले असता ते अक्षरशः खरे असे, आणि तरीही ग्राहक फसे. कारण हा ‘पूर्ण वेग’ त्या ‘उच्च वेगा’च्या चाळिसाव्या हिश्शाचा! २००८ साली तिसरी आवृत्ती आली आणि तिने सेकंदाला ५ गिगाबिटांचा मार्ग खुला केला. हीच गती २०१३ च्या नव्या आवृत्तीत ‘३.१ जेन १’ आणि २०१७ च्या आवृत्तीत ‘३.२ जेन १’ या नावांनी ओळखली जाऊ लागली. वस्तू तीच, नाव मात्र दोनदा बदलले. अखेर २०२२ साली या कंपन्यांच्या मंडळानेच ठरविले की, ग्राहकापुढे आवृत्तीचे अंक मिरविण्याऐवजी सरळ ५, १०, २० किंवा ४० गिगाबिट असा वेग सांगावा.

परंतु एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. यूएसबीचा आकडा हा रस्त्याचा आकडा आहे, गाडीचा नव्हे. घाटातला रस्ता रुंद केला म्हणून गाडीचा बैल घोडा होत नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या खाचेत बसणारा, आत निळे प्लॅस्टिक असलेला पेनड्राइव्ह लिहिताना सेकंदाला दहा मेगाबाइटही गाठणार नाही, असे होऊ शकते. आणि तरी वेष्टनावरचे ‘३.०’ खरेच असते. रस्त्याची ग्वाही मंडळ देते. बैलाची ग्वाही कोण देणार?

हा प्रश्न पेनड्राइव्हच्या सख्ख्या भावंडाने, म्हणजे कॅमेऱ्यातील स्मृतिकार्डाने, निराळ्या रीतीने सोडविला. तो प्रकार बोधप्रद आहे. आरंभी कार्डांवरही ‘१३३ एक्स’ अशा पदव्या झळकत. हा ‘एक्स’ म्हणजे पहिल्या सीडी-यंत्राची गती, सेकंदाला १५० किलोबाइट. म्हणजे १३३ एक्स हे साधारण वीस मेगाबाइट झाले. ही पदवीही बहुधा कमाल गतीचीच असे. मग चलच्चित्र घेणारे कॅमेरे आले. कॅमेऱ्याला थांबता येत नाही. समोरचे दृश्य पुढे सरकत असते, आणि कार्ड क्षणभर मंदावले तर चित्रीकरण तुटते. अशा कामाला कमाल वेगाचा काय उपयोग? त्याला हवा असतो किमान वेग, ज्याच्या खाली कार्ड कधीही जाणार नाही असा. म्हणून २००६ साली एसडी कार्डांच्या संघटनेने २, ४ आणि ६ या श्रेणी ठरविल्या, पुढे १० ही श्रेणी आली. अंक जितका, तितके मेगाबाइट दर सेकंदाला लिहिले गेलेच पाहिजेत, असा तिचा अर्थ. २०१६ साली भ्रमणध्वनीतील कामांसाठी ‘ए १’ ही श्रेणी आली. तिने बारीक तुकड्यांचीही किमान अट घातली: सेकंदाला १५०० वाचने आणि ५०० लेखने. ‘पर्यंत’ या शब्दाची जागा ‘निदान’ या शब्दाने घेतली. या एका शब्दबदलात ग्राहकाचे सारे हित सामावलेले आहे.

पेनड्राइव्हच्या वाट्याला असा ‘निदान’ अल्पकाळच आला. २००७ च्या आरंभी मायक्रोसॉफ्टने विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी आणले. त्यात ‘रेडीबूस्ट’ नावाची सोय होती. पेनड्राइव्हमधील जागा संगणकाने साहाय्यक स्मृती म्हणून वापरावी, असा तिचा हेतू. परंतु कोणताही पेनड्राइव्ह तिला चालत नसे. चार किलोबाइटांचे विखुरलेले तुकडे वाचताना सेकंदाला अडीच मेगाबाइट, आणि ५१२ किलोबाइटांचे तुकडे लिहिताना पावणेदोन मेगाबाइट, एवढा वेग त्याने दाखवावा लागे. हा वेग सर्व जागेत सारखा असावा, अशीही अपेक्षा होती. कारण काही पेनड्राइव्हमध्ये थोडी स्मृती चपळ आणि उरलेली मंद असे. संगणक स्वतःच परीक्षा घेई आणि नापासाला परत पाठवी. मोठमोठे आकडे मिरविणारे पेनड्राइव्ह या साध्या परीक्षेत नापास झालेले पाहून अनेकांना प्रथमच कळले की, धावण्याची शर्यत आणि टिपणे घेण्याची शर्यत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे संगणकांतील स्मृती वाढली, त्या सोयीचे महत्त्व ओसरले, आणि ती परीक्षाही विस्मरणात गेली. तशी दुसरी सर्वमान्य किमान श्रेणी पेनड्राइव्हसाठी रूढ झाली नाही. असे का झाले असावे? मला वाटते, याचे कारण उघड आहे. कॅमेरा थांबू शकत नाही, माणूस थांबू शकतो. ज्याला थांबविता येते, त्याच्यासाठी कोणी नियम करीत नाही.

म्हणून मोजण्याचे काम ग्राहकावर आले. आणि मोजणेही दिसते तितके सरळ नाही. पहिली फसगत संगणकच करतो. तो मजकूर आधी आपल्या चपळ स्मृतीत घेऊन ‘काम झाले’ असे सांगू शकतो, आणि प्रत्यक्ष लिहिणे मागाहून चालू असते. पडद्यावरची रेघ संपली म्हणजे काम संपले असे नव्हे. पेनड्राइव्ह सुरक्षितपणे काढता येतो, असा निरोप मिळेपर्यंतचा वेळ मोजला पाहिजे. दुसरी फसगत पेनड्राइव्ह स्वतः करू शकतो. स्मृतीच्या एका कप्प्यात एक बिट ठेवावयाचा तर दोनच अवस्था ओळखाव्या लागतात. तीन बिटांसाठी आठ आणि चार बिटांसाठी सोळा. जितक्या अवस्था अधिक, तितके लिहिणे नाजूक आणि सावकाश. म्हणून काही चपळ पेनड्राइव्हमध्ये थोडा भाग एकबिटी रीतीने वापरून आलेला मजकूर प्रथम तेथे झटपट उतरविला जातो. तेवढा भाग भरला की, वेग एकदम कोसळतो. एक गिगाबाइटाची फाइल देऊन परीक्षा घेणाऱ्याला हा कोसळलेला वेग दिसणारच नाही. वीस गिगाबाइट देणाऱ्याला दिसेल.

हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या संस्थेने आपल्या जुन्या दफ्तरातील मोडी कागदांची पाच हजार छायाचित्रे घेतली आहेत, आणि प्रत्येक छायाचित्र चार मेगाबाइटांचे आहे. एकूण वीस हजार मेगाबाइट झाले. सेकंदाला शंभर मेगाबाइट लिहिले गेले, तर तीन मिनिटे वीस सेकंदांत काम होईल. वेग पाचावर आला, तर एक तास सहा मिनिटे चाळीस सेकंद लागतील. आणि छायाचित्रांऐवजी चार-चार किलोबाइटांच्या बारीक फाइली असून पेनड्राइव्ह त्या सेकंदाला शंभरच लिहू शकला, तर वेग अर्ध्या मेगाबाइटालाही पोचत नाही. आता कल्पना करा, कार्यालय बंद होण्याची वेळ झाली आहे, परगावचा अभ्यासक गाडी गाठण्याच्या घाईत आहे, आणि वेष्टनावरील शंभराच्या भरवशावर त्याने पाच मिनिटेच राखून ठेवली आहेत. तो अर्धवट लिहिलेला पेनड्राइव्ह उपसून घेतो. घरी गेल्यावर काही पाने उघडतात, काही उघडत नाहीत, आणि कोणती गेली हे त्याला महिन्याने कळते. तोवर कदाचित मूळ कागद पाहण्याची परवानगीही संपलेली असते. वेगाचा खोटा अंदाज केवळ वेळ खात नाही, तो मजकूरही खातो.

याहून वाईट प्रकार बनावट पेनड्राइव्हचा आहे. त्यातील नियंत्रकाला खोटे बोलावयास शिकविलेले असते. आत असते आठ गिगाबाइट, तो सांगतो एकशे अठ्ठावीस. आठापलीकडचा मजकूर तो निमूटपणे स्वीकारतो आणि हरवितो, किंवा जुन्यावर लिहितो. तक्रार मात्र करीत नाही. अशा पेनड्राइव्हचा वेग मोजणे म्हणजे तळ नसलेल्या रांजणात पाणी किती जलद ओतता येते ते मोजणे होय. जर्मनीतील ‘सी टी’ या संगणकविषयक नियतकालिकाकडून आलेला ‘एच२टेस्टडब्ल्यू’ हा छोटा कार्यक्रम म्हणूनच जगभर वापरला गेला. तो मोकळी जागा काठोकाठ भरतो, मग सारे परत वाचून जुळते की नाही हे पाहतो, आणि ओघातच लिहिण्याचा व वाचण्याचा सरासरी वेगही सांगतो. येथे एक खुलासा करावा. सोळा गिगाबाइटांचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये १४.९ दाखवितो, ही मात्र लबाडी नव्हे. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत. फरक मापाचा आहे, मालाचा नाही.

तर मग न्याय्य तुलना कशी करावी? दोन मल्लांची कुस्ती एकाच हौद्यात आणि एकाच पंचासमोर लावतात, तसेच येथे. संगणक तोच, खाच तीच, फाइली त्याच, पेनड्राइव्हवरील मांडणीही तीच. प्रथम सारी जागा भरून व परत वाचून सचोटी तपासावी. मग एक मोठी फाइल आणि नंतर हजारो लहान फाइली, अशा दोन्ही परीक्षा घ्याव्यात. वाचणे व लिहिणे निरनिराळे मोजावे. प्रत्येक परीक्षा निदान तीनदा घ्यावी. पेनड्राइव्ह रिकामा असताना आणि बराचसा भरलेला असताना, असे दोन्ही वेळा पाहावे. आणि शेवटी निकालवहीत सर्वांत मोठा आकडा न लिहिता सर्वांत लहान आकडा आधी लिहावा. कारण अडचणीच्या वेळी आपली गाठ त्याच्याशीच पडावयाची असते. ज्याला केवळ व्याख्याने किंवा गाणी एकदा भरून अनेकदा ऐकावयाची आहेत, त्याने वाचण्याचा वेग पाहिला तरी चालेल. ज्याला रोज छापखान्यात पाने न्यावयाची आहेत, त्याने लिहिण्याचा पाहावा. सर्वांना सारखा उत्तम असा पेनड्राइव्ह शोधण्यात अर्थ नाही.

१९६७ च्या त्या विद्युत्कणांच्या बेटापासून आजच्या बोटाएवढ्या भांडारापर्यंत विज्ञानाने केलेली प्रगती खरोखर थक्क करणारी आहे. आठ मेगाबाइट जेथे मावत, तेथे आज त्याच्या हजारो पटींनी मावते. परंतु याच इतिहासातून असेही दिसते की, जेथे कोणी किमान वेगाचा आग्रह धरला, तेथे व्यापाराने किमान वेगाचे वचन दिले. जेथे कोणी धरला नाही, तेथे ‘पर्यंत’वर भागले. कॅमेऱ्याने आग्रह धरला तो नाइलाजाने. ग्राहकाला तो समजून-उमजून धरता येईल. दुकानात पुढच्या वेळी वेष्टन हाती घ्याल, तेव्हा ‘किती पर्यंत?’ असे विचारू नका, ‘निदान किती?’ असे विचारा. उत्तर लगेच मिळणार नाही. पण प्रश्न विचारणारे वाढले, की एक दिवस तो आकडाही वेष्टनावर छापावा लागेल.